डायनॅमो काढा, अल्टरनेटर बसवा: जुन्या गाड्यांच्या चार्जिंग कामातून छोटा पण पक्का धंदा कसा उभा करायचा?



व्हिडिओमध्ये आपण काम बघितलं. आता वही-पेन घेऊन बसा, कारण आकडे, हिशेब आणि कामाचा क्रम व्हिडिओ बघून लक्षात राहत नाही. तो इथे नीट मांडतो.

विषय साधा आहे. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, जुनी जीप अशा गाड्या लोकांनी आजही जिवापाड जपल्या आहेत. कुणाच्या आजोबांची गाडी, कुणाच्या वडिलांची पहिली कमाई. गाडी चालते, पण रात्री हेडलाइट लावला की उजेड पिवळा पडतो आणि सिग्नलला थांबलं की आणखी मंद होतो. आठवडाभर गाडी उभी राहिली तर सकाळी धक्का मारावा लागतो. मालक दरवेळी नवीन बॅटरी घेतो, आणि वर्षभरात तीही बसते. खरा दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतो. तो चार्जिंगमध्ये असतो, आणि तो शोधून पक्का दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. तुमची संधी तिथे आहे.

आधी एक स्पष्ट गोष्ट

नुसत्या क्लासिक गाड्यांच्या चार्जिंगवर घर चालेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. नोकरी सोडून उद्या फक्त याचंच दुकान टाकू नका. पण तुमचं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं गॅरेज असेल, आयटीआयमधून तुम्ही मोटार मेकॅनिक किंवा वीजतंत्री झाला असाल, किंवा एखाद्या वर्कशॉपमध्ये हाताखाली काम करत असाल, तर हे काम तुम्हाला शेजारच्या दहा दुकानांपेक्षा वेगळं करतं. रोजचं हॉर्न, वायपर, बॅटरीचं काम पोट भरतं, आणि हे काम नाव मिळवून देतं. 'एक ना धड भाराभर चिंध्या' करण्यापेक्षा एका कामात पक्के व्हा.

गाड्या कुठल्या आणि ग्राहक कोण?

प्रीमियर पद्मिनी ही आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि पुढे १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यावरची तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनायची. तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. गाड्या बनायच्या बंद झाल्या, पण हौशी मालकांकडच्या खासगी गाड्या अजून आहेत, आणि जुनं काम जाणणारे मिस्त्री एकेक करून निवृत्त होत आहेत.

ग्राहक तीन प्रकारचे असतात, आणि तिघांना वेगळं काम हवं असतं.

पहिला, रोज किंवा रविवारी गाडी चालवणारा. त्याला भरवसा हवा. गाडी चालू झाली पाहिजे, रात्री दिसलं पाहिजे. अल्टरनेटर बसवण्यासाठी हाच खरा ग्राहक.

दुसरा, रॅली आणि प्रदर्शनात गाडी नेणारा. याला मूळ रूप हवं. त्याच्या गाडीला एकही नवीन भोक पाडायचं नाही. त्याला कदाचित डायनॅमोच दुरुस्त करून हवा असेल.

तिसरा, भाड्याने देणारा. लग्न, चित्रपट, मालिकेचं शूटिंग. शूटिंगच्या दिवशी गाडी बंद पडली तर त्याचं मोठं नुकसान होतं. तो वेळेवर काम करणाऱ्याला जास्त पैसे द्यायला तयार असतो.

ग्राहक समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, गाडी चालवायला हवीय की दाखवायला?" अर्धं काम या उत्तरावर ठरतं.

डायनॅमो कमी का पडतो?

हे तुम्हाला ग्राहकाला दोन मिनिटांत समजावता आलं पाहिजे. जो समजावू शकतो तोच विकू शकतो.

डायनॅमोमध्ये वीज फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होते. ती सगळी वीज कम्युटेटर आणि कार्बन ब्रशमधून बाहेर येते. त्यामुळे त्याला फार वेगाने फिरवता येत नाही, आणि इंजिन आयडलवर असताना तो जवळपास काहीच देत नाही. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये सर्रास दिसणारा लुकास सी ४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. त्या काळी ते पुरत होतं.

अल्टरनेटरमध्ये उलट असतं. मुख्य वीज स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये तयार होते. ब्रशमधून फक्त रोटरला लागणारा थोडासा करंट जातो. म्हणून तो लहान पुलीवर वेगाने फिरू शकतो, आयडललाही चार्ज करतो आणि ब्रश जास्त टिकतात. आतले डायोड एसीचं डीसी करतात. जुन्या गाडीतला तो काळा डबा, ज्याला आपले मिस्त्री कटआउट म्हणतात, त्याची मग गरज राहत नाही, कारण रेग्युलेटर बहुतेक अल्टरनेटरच्या आतच असतो.

लोडचा हिशेब: विक्रीचं सगळ्यात मोठं हत्यार

ग्राहकासमोर कागदावर हा हिशेब मांडा. वॅटला १२ ने भागलं की अंदाजे अँपिअर येतात.

- हॅलोजन हेडलाइट, हाय बीम, ६० वॅटचे दोन: १० अँपिअर
- पार्किंग, टेल, नंबर प्लेट आणि डॅशबोर्डचे दिवे: अडीच
- इग्निशन कॉइल: साडेतीन
- वायपर: ३
- स्टिरिओ आणि मोबाइल चार्जर: ४
- रेडिएटरचा बाहेरून बसवलेला इलेक्ट्रिक पंखा: ८

एकूण झाले ३१ अँपिअर. डायनॅमो देतो २२, तेही इंजिन पळत असताना. म्हणजे पावसाळ्यातल्या रात्री ९ अँपिअर बॅटरीतून जात आहेत. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की जवळपास सगळाच भार बॅटरीवर. हा कागद बघितला की ग्राहक स्वतःच म्हणतो, "अच्छा, म्हणून बॅटऱ्या जातात होय!"

आता किती मोठा अल्टरनेटर? एकूण लोडच्या सव्वापट धरा. ३१ ची सव्वापट म्हणजे साधारण ३९. तेव्हा ४० ते ५० अँपिअरचा अल्टरनेटर भरपूर झाला. काही जण ९० चा बसवतात आणि फुशारकी मारतात. मोठा अल्टरनेटर म्हणजे लोड आला की बेल्टवर जास्त ताण, जाड वायर, जास्त खर्च. गरजेपुरतंच विका. ग्राहक दुसऱ्यांदा येतो तो यामुळेच.

पहिलं उत्पादन: तपासणी

नवे उद्योजक इथे पैसे सोडतात. ते तपासणी फुकट करतात आणि कमाई फक्त पार्ट बसवण्यात शोधतात. तुम्ही उलट करा. 'चार्जिंग तपासणी' ही वेगळी सेवा ठेवा, तिची फी ठरवा आणि लेखी रिपोर्ट द्या. काम तुमच्याकडे केलं तर फी बिलातून वजा करा.

रिपोर्टमध्ये हे सहा मुद्दे पाहिजेत:

१. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीचं व्होल्टेज. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते.

२. इंजिन चालू, थोडा रेस दिला असताना व्होल्टेज. अल्टरनेटर असेल तर १३.८ ते १४.४ हवं. १४.८ च्या वर गेलं तर बॅटरी उकळणार.

३. सगळा लोड लावून तेच माप.

४. चार्जिंग वायरमधला व्होल्टेज ड्रॉप. मल्टिमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. लोडवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायर किंवा जोड खराब.

५. अर्थिंग. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी. जुन्या गाडीत गंज आणि रंगाचे थर, त्यामुळे हा दोष फार वेळा सापडतो.

६. बेल्टचा ताण आणि पुलीची रेषा. बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबलं की साधारण अर्धा इंच दबला पाहिजे.

आता महत्त्वाचं. काही गाड्यांचं काम इथेच संपेल. अर्थिंगची पट्टी घासून साफ केली, बेल्ट ओढला, डायनॅमोचे ब्रश बदलले आणि चार्जिंग सुरू झालं. अशा वेळी अल्टरनेटर गळ्यात मारू नका. "साहेब, तुम्हाला मोठ्या खर्चाची गरज नाही," हे वाक्य कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त ग्राहक आणतं. जुन्या गाड्यांच्या मालकांचं जग लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात. चांगलं नाव पसरतं, आणि वाईट नाव त्याहून लवकर.

बसवताना कुठे चुकू शकतं?

पोलॅरिटी. सगळ्यात आधी हे तपासा. जुन्या कित्येक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. नेहमीच्या अल्टरनेटरला मायनस अर्थ लागतो. न बघता जोडलं की क्षणात डायोड जळतात. पोलॅरिटी बदलताना अँपिअर मीटरच्या वायरी, कॉइलचे जोड आणि जुना रेडिओ हेही बघावं लागतं.

ब्रॅकेट आणि पुली. आपल्याकडे बाजारात सहज मिळणारा छोट्या गाडीचा अल्टरनेटर निवडतात. कारण उघड आहे, उद्या ब्रश किंवा बेअरिंग गेलं तर पार्ट कुठेही मिळाला पाहिजे. पण पुलीची खाच मूळ बेल्टच्या रुंदीची हवी आणि तिन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. पातळ पट्टीचं ब्रॅकेट थरथरून तुटतं. लेथवाल्याकडून जाड पत्र्याचं नीट करून घ्या, आणि एकदा माप जमलं की त्याचा साचा जपून ठेवा. पुढच्या पद्मिनीला तुमचे दोन तास वाचतील. अशा साच्यांचा संग्रह हेच तुमचं भांडवल.

मुख्य वायर. इथेच गाड्या जळतात. डायनॅमोची जुनी वायर २२ अँपिअरच्या हिशेबाने घातलेली, आणि वर तिचं आवरण कडक होऊन तडकलेलं. तिच्यातून ४५ अँपिअर काढायचे नाहीत. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका. मध्ये योग्य फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. टोकाला दाबून बसवलेले थिंबल, वर स्लीव्ह. वायरी पिळून टेप गुंडाळणं बंद.

अँपिअर मीटर. डॅशबोर्डवरचा जुना मीटर ३० अँपिअरचा असेल तर सगळा करंट त्यातून नेऊ नका. तो तापतो, आणि तो ग्राहकाच्या गुडघ्याजवळ असतो! त्याला बायपास करून व्होल्टमीटर सुचवा.

चार्जिंगचा लाल दिवा. हा नुसता इशारा देणारा दिवा नाही. त्यातून जाणारा छोटा करंट अल्टरनेटरला जागं करतो. कुणी हौसेने तिथे एलईडी लावला तर अल्टरनेटर सुरूच होत नाही, आणि मिस्त्री बिचारा अल्टरनेटर बदलत बसतो. मूळ छोटा बल्बच ठेवा.

हेडलाइटला रिले. जुन्या स्विचमधून सगळा करंट नेण्यापेक्षा दोन रिले लावा. खर्च कमी, उजेडातला फरक ग्राहकाला त्याच रात्री दिसतो.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची नाही. डायनॅमोच्या काळात मिस्त्री असं करून चार्जिंग तपासायचे. अल्टरनेटरवर हे केलं तर व्होल्टेज उसळून रेग्युलेटर आणि डायोड जातात.

दर कसा ठरवायचा?

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातले दर तुम्ही टाका, पद्धत हीच ठेवा.

- बिलासह अल्टरनेटर: ४,५०० रुपये
- ब्रॅकेट आणि लेथचं काम: १,२००
- वायर, फ्यूज, रिले, थिंबल, स्लीव्ह: १,३००
- बेल्ट: ४००

सामान झालं ७,४०० रुपये. आता वेळ. तपासणी, सामान आणायची फेरी, फिटिंग, टेस्टिंग मिळून १० तास. तासाला ३०० धरले तर ३,०००. दुकानभाडं, वीज, हत्यारांची झीज तासाला ६० प्रमाणे ६००. एकूण ११,०००. त्यावर वॉरंटीसाठी ५ टक्के, म्हणजे ५५०, बाजूला ठेवा. झाले ११,५५०. त्यावर १५ टक्के नफा, सुमारे १,७३०. म्हणजे कोटेशन जवळपास १३,३०० रुपयांचं.

शेजारचा म्हणतो, "मी नऊ हजारात करतो." तुम्हीही तेवढ्यात केलं तर? सामान आणि भाडं वजा जाऊन हातात राहिले १,०००. दहा तासांचे हजार, म्हणजे तासाला १००. वॉरंटीचा एक पैसा नाही. किंवा मग तो वायर जुनीच ठेवतो. ग्राहकाला विचारा, "त्यांनी मुख्य वायर आणि फ्यूज धरलाय का कोटेशनमध्ये?" भांडू नका, एवढा एक प्रश्न पुरतो.

आणि दुसरी बाजू बघा. स्वस्तात केलेल्या कामात वायरिंग जळलं, नवीन वायरिंगला समजा १२,००० रुपये लागले, तर तुमच्या सात कामांचा नफा एका संध्याकाळी गेला. गाडी जळाली तर हिशेबच नको. ती कुणाच्या तरी वडिलांची गाडी असते. त्याची भरपाई पैशात होत नाही.

नाही म्हणायचं काम

५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. त्यांना 'व्हीए' अक्षरं असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल झालेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा ग्राहक या नोंदणीच्या किंवा स्पर्धेच्या विचारात असेल तर आधी आरटीओ किंवा त्याच्या क्लबकडे चौकशी करायला सांगा, मगच हत्यार उचला. अशा गाडीला डायनॅमो नीट ओव्हरहॉल करून देणं हे जास्त चांगलं काम. परदेशात डायनॅमोच्याच आकाराच्या बॉडीत बसवलेले अल्टरनेटरही मिळतात. खर्चिक असतात, पण हौशी मालकाला पर्याय म्हणून सांगायला हरकत नाही.

कुठल्याही गाडीचा काढलेला डायनॅमो आणि कटआउट स्वच्छ करून, लेबल लावून, खोक्यात घालून मालकाला परत द्या. भंगारात विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा या खोक्याने मिळणारा विश्वास मोठा आहे. बसवलेलं सगळं नट-बोल्टवर असू द्या, म्हणजे उद्या गाडी मूळ रूपात परत आणता येईल.

सुरुवात किती पैशात?

चांगला मल्टिमीटर, डीसी क्लॅम्प मीटर, थिंबल दाबायचं पक्कड, सोल्डरिंग, पाने-सॉकेटचा संच आणि अग्निशामक सिलिंडर. शेवटचं विसरू नका. गॅरेज आधीपासून असेल तर यातलं निम्मं तुमच्याकडे असेलच. पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ या बाजारांत दोन दिवस पायी फिरा, दर वहीत लिहा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. ५०,००० रुपयांपर्यंत मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज बघा. मोठं वर्कशॉप काढायचं असेल तर पीएमईजीपी योजनेत सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. पण कर्ज घेण्याआधी पाच गाड्यांचं काम करा. ग्राहक आहे हे सिद्ध होऊ द्या, मग बँकेत जा.

या महिन्याचं काम

पहिल्या आठवड्यात ओळखीतल्या एका जुन्या गाडीची तपासणी करा आणि रिपोर्ट लिहून बघा. दुसऱ्या आठवड्यात बाजाराचे दर गोळा करून स्वतःचं कोटेशन बनवा. तिसऱ्या आठवड्यात परिसरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांची यादी काढा. रविवारी सकाळी त्या बाहेर पडतात, कुठे जमतात ते शोधा. चौथ्या आठवड्यात यादीतल्या तिघांना सशुल्क तपासणीबद्दल बोला. तिघांपैकी एक जरी 'हो' म्हणाला तरी तुमचा धंदा सुरू झाला.

आणि पहिलं काम झालं की गाडी रात्री देऊ करा. मालकाला बसवा, इंजिन आयडलवर ठेवा, हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावा आणि व्होल्टमीटर दाखवा. काटा १३.८ वर स्थिर. त्यानंतर तुम्हाला फार काही बोलावं लागणार नाही.

चला तर, वहीत पहिलं कोटेशन लिहायला घ्या. भेटू पुढच्या भागात!